फाटकाबाहेरची तपासणी

३ मार्च

चि. ढब्बू यास ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या त्या रेडिओ दुर्बिणीला आकाशातली कुजबुज ऐकू यावी म्हणून अख्ख्या वसाहतीत मोबाइलला बंदी, हे नाटकघरात सांगितलं तर कुणाला खरंच वाटेना. आणि माझा भाऊ तिथल्या तारा आणि नेटवर्क सांभाळतो, पण घरी मात्र पोस्टाने पत्रं पाठवतो, म्हटल्यावर आमच्या रंगभूषेच्या बाई पोट धरून हसल्या. तुझ्या ऑफिसच्या एकुलत्या एक फोनवर मी ओरडायचं, अप्पांना त्यातलं काही ऐकू यायचं नाही आणि मागे तुझे साहेब ताटकळायचे. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी मोठी आहे. मोठ्या नाटकघराकडून मला बोलावणं आलंय. कपडेपटाची मुख्य कटर! भरपूर उजेडाची खोली आहे म्हणे, आणि कापायचं टेबल इतकं लांब की त्यावर राणीचा झगा घोळासकट पसरता येईल. इतकी वर्षं मी तळघरात ट्यूबलाइटखाली काळ्या कापडावर खडूच्या पुसट रेघा शोधतेय. ऐकूनच माझे हात शिवशिवायला लागले. पण शहर दुसरं, गाडीने सबंध दिवसाचा रस्ता. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे.

आणि अप्पांचं काय? जिन्यावरून पडले तेव्हापासून माणूस दाराच्या पायपुसण्यापलीकडे गेलेला नाही. डॉक्टर म्हणतात, हाड झकास जुळलंय, खाली उतरा, फिरा. हे म्हणतात, बघू. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट तपासत फिरले आणि स्वतः घर घेतलं ते बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर! दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. शेजारच्या नर्सबाई सकाळ-संध्याकाळ डोकावीन म्हणाल्यात, पण मधल्या वेळात पुन्हा तोल गेला तर? म्हणून मी सरळ सांगितलं, तिथे बसून मला अप्पा दिसले तर जाईन, नाहीतर नाही.

तर कॅमेरा आणलाय. अप्पा चक्क तयार झाले, पण त्यांनी स्वतः तपासून पास केल्याशिवाय कुणी त्याच्यावर विसंबायचं नाही, अशी त्यांची अट. कपाटावर, खुर्चीच्या बरोब्बर समोर बसवलाय. घरात मोबाइलवर १९२ ने सुरू होणारा पत्ता टाकला की अप्पा हजर. नाटकघराच्या दारात उभं राहून तोच पत्ता टाकला तर ढिम्म काही नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते लवकर कळव.

लांब आहेस म्हणून माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

मुख्य कटर! मी पत्र हातात घेऊन कँटीनमध्ये नाचलो. आता जर नाही म्हणालीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. म्हणजे लिहिणार नाही.

घोडं पेंड कुठे खातंय ते सोपं आहे. १९२ वाला पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो. ‘आतल्या खोलीत ये’ असं तू मला घरात सांगितलंस तर मी बरोबर येईन, पण भर रस्त्यात कुणाला सांगितलंस तर तो कुठे जाणार? आतली खोली तर घरोघरी असते. बाहेरच्या जगाला फक्त आपल्या फाटकाचा पत्ता माहीत असतो. तो इंटरनेटवाली कंपनी देते. आणि फाटकावर जो वॉचमन बसलेला आहे ना, तो म्हणजे आपला राउटर, पुस्तकांच्या फळीवर दिवे लुकलुकवत असतो तो.

तेव्हा तीन गोष्टी करा. राउटरच्या पानावर जाऊन कॅमेऱ्याचा आतला पत्ता कायमचा बांधून टाका, नाहीतर वीज गेली की तो पठ्ठ्या खोली बदलतो. मग वॉचमनला सांगून ठेवायचं की अमुक नंबरच्या खिडकीवर कुणी आलं तर त्याला थेट कॅमेऱ्याकडे सोड. या खिडकीला पोर्ट म्हणतात. आणि कंपनीला विचारा की बाहेरचा पत्ता आपल्या एकट्याचा आहे की आळीत वाटून दिलाय. वाटून दिला असेल तर वेगळा मागून घ्या, त्याशिवाय काही जमायचं नाही. कुठलं बटण कुठे आहे ते मागच्या पानावर चित्र काढून दिलंय. आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड आजच्या आज बदला, नाहीतर अप्पांची दुपारची डुलकी सगळं जग बघेल.

इथे बसून उंटावरून शेळ्या हाकतोय हे कळतंय मला. पण काय करू! अप्पांना म्हणावं, तपासणी कडक करा.

रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस.

तुझा,
ढब्बू


१७ मार्च

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्राबरहुकूम सर्व कामे केली. तुझी चित्रकला अजून शाळेतलीच आहे. राउटरला तू कान का काढलेस ते समजले नाही.

कॅमेऱ्याचा आतला पत्ता बांधून टाकला. तो खरोखरच भटकत होता, वीज गेल्यावर दोनदा बदललेला मी स्वतः पाहिला. कंपनीशी नर्सबाई बोलल्या. मला फोनवर ऐकू येत नाही आणि त्या मुलीला थांबता येत नाही. पत्ता वाटून दिलेलाच निघाला. अर्ज केला, आता स्वतंत्र मिळाला आहे. खिडकीचा नंबरही वॉचमनला सांगून झाला. पासवर्ड बदलला आहे आणि तो फक्त माझ्यापाशी आहे.

निकाल: नापास.

रोज सकाळी चहा झाला की खुर्चीत बसतो, चष्मा पुसतो आणि मोबाइलवर बाहेरचा पत्ता टाकतो. चक्र फिरत राहते आणि शेवटी कोरा पडदा. आतला पत्ता टाकला की मी मला दिसतो, टक्कल जरा जास्तच चकाकते. म्हणजे कॅमेरा ठणठणीत आहे, बाहेरचा रस्ताच बंद आहे. राउटर बंद करून पुन्हा लावून पाहिला, खिडकीचा नंबर बदलून पाहिला. तुझ्या या वॉचमनने माझ्या नाकी नऊ आणले.

ताईला मी हात लावू देत नाही. कपाटावर पाटीच लावली आहे, ‘तपासणी चालू. कोणीही वापरू नये.’ तपासणी अर्धवट असताना मध्येच कुणी बटण दाबले की काय होते ते मी नोकरीत पाहिले आहे.

आता तुझ्यापाशी बोलतो, तिला कळवू नकोस. तिने नकाराचे पत्र लिहून ठेवले आहे. टेबलावर उघडेच होते, मी वाचले. घरच्या जबाबदारीमुळे येणे शक्य नाही, असे आहे त्यात. घरची जबाबदारी म्हणजे मी. बाळ, मला ती जायला हवी आहे रे. तळघरात तिचे डोळे जायला लागलेत. एक खोटा दाखला देऊन टाकावा, चालतो म्हणून, असेही मनात आले. पण जी लिफ्ट मी स्वतः बसून वरखाली केली नाही तिच्या कागदावर मी कधी सही केलेली नाही. लेकीच्या बाबतीतच करू? उद्या तिथे तिला कोरा पडदा दिसला तर तिचा जीव टांगणीला लागेल.

तेव्हा डोके चालव. निम्मा महिना संपला.

जेवणखाण वेळेवर करत जा, ही सूचना नाही, आज्ञा समज.

तुझा,
अप्पा


१९ मार्च

चि. ढब्बू यास ताईचे अ. उ. आ.

अप्पांनी तुला पत्र पाठवलंय, त्यात काय लिहिलंय ते मला सांगत नाहीत. मला वाटतं तुझी तक्रार केली असेल. तू शाबासकी समज.

आमच्याकडे रोज सकाळी एकच सोहळा असतो. चहा, चष्मा, खुर्ची, मोबाइल. मग एक उसासा, आणि मग मोठ्याने ‘नापास!’ एकदा तो शब्द उच्चारला की दिवसभर घरात सुतक. मी म्हटलं, अप्पा, मी नाटकघराच्या दारातून बघते ना एकदा. तर म्हणाले, तपासनीस एकच असतो. इतके हट्टी आहेत की खुर्चीतून उठून दुसऱ्या खोलीतही जाऊन बघत नाहीत. जिथून नापास होतं तिथूनच रोज बघतात!

खरं सांगू? ते नापास म्हणाले की मला आतून थोडं बरं वाटतं. वाटतं, चला, देवानेच नाही म्हटलं, आता मला ठरवायला नको. आणि दुपारी काळं कापड पसरलं, खडूची रेघ दिसेना झाली, की रडू येतं. परवा एका कोटाची बाही उलटी कापली. मी! उलटी बाही!

नकाराचं पत्र पर्समध्ये आहे. पोस्टाच्या पेटीवरून रोज जाते आणि रोज म्हणते, उद्या टाकू. शेवटच्या दिवशी टाकेन. तोवर तुझं काही उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तरी तुझ्यावर राग नाही.

आठवण ठेव, एवढं बास.

तुझी,
ताई


२३ मार्च

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र वाचून रात्रभर डोकं खाजवलं. कंपनी बघितली, खिडकी बघितली, कागदावर सगळं मांडून बघितलं, कुठेच चूक सापडेना. चूक सापडेना, कारण आपण चूक केलेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ताईचं पत्र आलं आणि त्यात चहा, चष्मा, खुर्ची, मोबाइल असं वाचलं. ताडकन उठून बसलो.

अप्पा, आपण तपासणी घरातल्या खुर्चीत बसून करत होता.

म्हणजे असं बघा. आपण घराच्या आतून निघालात, फाटकावर वॉचमनकडे गेलात आणि त्याला म्हणालात, या फाटकाच्या पत्त्यावर मला पोचव. तो बिचारा गोंधळतो. त्याला बाहेरून आलेल्याला आत सोडायचं शिकवलंय. आतून येऊन आतच जायचं म्हणणारा माणूस त्याच्या हिशेबात नाही. काही राउटरना जमतं हे, आपला जरा जुना आहे, त्याला जमत नाही. म्हणून कोरा पडदा. बाहेरून येणाऱ्याला कदाचित केव्हापासूनच सगळं नीट दिसत असेल! काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालंय आपलं. आणि मीही शहाणा, पहिल्याच पत्रात विचारायला हवं होतं की कुठे बसून बघताय.

आता अडचण एवढीच की बाहेरचा रस्ता बाहेरूनच तपासावा लागेल. फाटकाच्या बाहेर, आपल्या वाय-फायच्या टप्प्याच्या पलीकडे, म्हणजे कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानापाशी. तपासनीस एकच असतो हे आपलंच म्हणणं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला पाठवा असं मी म्हणू शकत नाही. लिफ्टमध्ये स्वतः बसल्याशिवाय आपण सही केली नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

काय ते आपण ठरवा. आपला हात डोक्यावर आहे, तो तसाच राहू द्या.

आपला,
बाळ


२३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम नाटकघराच्या पत्त्यावर टाकतोय. वाचून झालं की फाडून टाक.

अप्पांना मी वेगळं पत्र लिहिलंय. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त एक गोष्ट गाळली आहे. बाहेरून बघायला बाहेर जायलाच लागतं असं काही नाही. मोबाइलवर वाय-फाय बंद करायचं आणि सिमचा डेटा चालू करायचा, की घरात बसूनही तो मोबाइल बाहेरचाच झाला. खुर्चीतून हलायचीही गरज नाही.

पण हे मी त्यांना सांगणार नाही आणि तूही सांगायचं नाहीस! डॉक्टरांनी सांगून झालं, तुझं विनवून झालं, माझे सुट्टीत येऊन हात जोडून झाले. हा माणूस स्वतःसाठी खाली उतरणार नाही. पण तुझ्यासाठी एक सही करायची असेल तर उतरेल, असं मला वाटतं. चुकलो तर मला हव्या तेवढ्या शिव्या दे, आणि तूच वाय-फाय बंद करून बघ.

त्यांच्या मागे मागे जा, पण हात धरू नकोस. आणि पर्समधलं ते पत्र पेटीत टाकलंस तर याद राख.

तुझा लबाड पण लाडका,
ढब्बू


२८ मार्च

चि. ढब्बू यास ताईचे अ. उ. आ. आणि एक पाठीत धपाटा.

उतरले! अरे, उतरले!

तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. दिवसभर खुर्चीतच बसून राहिले. मला वाटलं, फसला आपला डाव. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला, चष्मा पुसला आणि खुर्चीत बसायच्या ऐवजी म्हणाले, माझे बूट कुठे आहेत? बुटांवर हीऽऽ धूळ. मी पुसायला घेतले तर माझ्या हातातून काढून घेतले आणि स्वतः चकाचक पुसले. नोकरीतला निळा कोट चढवला. खिशाला पेन.

दाराशी आले आणि थांबले. कठडा असा धरला की बोटं पांढरी पडली. माझा हात पुढे होत होता, पण तू बजावलं होतंस म्हणून हात पाठीमागे बांधून उभी राहिले. मग एक पायरी. मग दुसरी. नर्सबाई दारात आल्या, त्यांना काहीतरी बोलायचं होतं, मी डोळ्यांनी गप्प केलं. दर मजल्याला थांबायचे आणि कठड्याचा स्क्रू ढिला आहे, पायरीची कड झिजली आहे, दिवा बंद आहे, असे शेरे मारायचे. तपासणीच चालली होती ती! शेवटची पायरी उतरले, मागे वळून वरपर्यंत सबंध जिन्याकडे पाहिलं आणि जिन्याला म्हणाले, हं.

पुढचं ते स्वतः लिहिणार आहेत, मला मनाई आहे. माझं एवढंच की मी होकार कळवला. पत्र मीच पेटीत टाकलं आणि टाकताना अप्पा शेजारी उभे होते. नकाराच्या पत्राचा कागद चांगला जाड होता, त्याचा एका कॉलरचा नमुना कापला. तो घेऊन जाणार आहे तिकडे.

शहाणा आहेस. असाच राहा, आणि नव्या पत्त्यावरही मला रागावत जा.

तुझी मुख्य कटर,
ताई


३१ मार्च

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तपासणीचा अहवाल पुढीलप्रमाणे.

कोपऱ्यावर पोचलो. ऊन होते. मोबाइल दुरुस्तीवाल्याने स्टूल दिले, ते नाकारले, उभ्याने तपासणी करायची माझी पद्धत आहे. बाहेरचा पत्ता टाकला, पासवर्ड टाकला. चक्र फिरले. मी मनाची तयारी केली होती.

आणि पडद्यावर माझी खोली आली. खिडकी, पडदा, तिपाईवर चहाचा कप, भिंतीला टेकवलेली काठी. मधोमध खुर्ची, आणि खुर्ची रिकामी! बाळ, क्षणभर म्हटले, हा म्हातारा गेला कुठे? पडला की काय? आणि मग लक्षात आले की म्हातारा इथे आहे, रस्त्यावर, उन्हात, बूट घालून. भर चौकात मी मोठ्याने हसलो. ताई रडली. दुरुस्तीवाल्याला वाटले मोबाइल बिघडला, तो धावत आला.

त्याला सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, आजोबा, एवढे जिने कशाला उतरलात, वाय-फाय बंद करून सिमचा डेटा चालू केला असता तर खुर्चीतच कळले असते. मी त्याच्याकडे पाहिले. मग ताईकडे पाहिले, ती चपलेचा बंद बांधायला वाकली होती. तिच्या चपलेला बंद नाही.

नेटवर्कवाला माणूस एवढी साधी गोष्ट लिहायला विसरेल, असे मला वाटत नाही. लबाडा! तपासनिसाला फसवलेस. पण तुला सांगतो, हाड केव्हाच जुळले होते, भीतीच जात नव्हती. रोज दारापर्यंत जात होतो आणि परत येत होतो. तुम्हा दोघांना कळू नये म्हणून खुर्चीत बसत होतो. तू युक्ती लिहिली असतीस तर मी आजही त्याच खुर्चीत बसून सही केली असती, आणि ताई गेल्यावरही तिथेच बसलो असतो. तेव्हा गुन्हा माफ, शिवाय शाबासकी.

त्यानंतर रोज उतरतो. कठड्याचा स्क्रू स्वतः पिळला. दुरुस्तीवाला आता स्टूल देत नाही, माझ्या येण्याच्या वेळेला खुर्चीच बाहेर काढून ठेवतो.

कपाटावरची पाटी काढली. त्याच जागी दाखला चिकटवला आहे, त्याची नक्कल तुला पाठवत आहे.

‘कॅमेरा व रस्ता दोन्ही बाहेरून स्वतः तपासले. पास. मुख्य कटर यांनी निर्धास्त जावे. सूचना: खुर्ची रिकामी दिसल्यास घाबरून नर्सबाईंना उठवू नये. तपासनीस बाहेर गेलेला आहे.’

तुझाही हट्ट असाच टिको.

तुझा,
अप्पा